मागची खिडकी

वीस एप्रिलनंतर माह्या हातातला पाना तापते,
छिन्नी तापते, खिशातला फोन तापते,
अन् तेव्हाच लोकाइले कूलरची आठवण येते.
एका दिवसात सहा:
मानेवाड्यात क्लासचा तिसरा मजला,
इतवारीत सुपारीचं गोदाम,
गड्डीगोदामात लॉन्ड्री; मालक म्हणे,
कूलरले सांगजो, इस्त्रीवाल्याकडं जास्त पाहू नको.

स्टँड मी एक सूत बाहेर झुकवतो.
टाकी गळली तरी पाणी घरात नाही येत.
हे कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही.
सांगायचं ते शेवटी सांगतो, हात धुता धुता:
समोरची एक खिडकी उघडी ठेवा.
गार हवा पाहुणी नाही, वाटसरू आहे.
तिले जायले जागा नसली
तर तुमच्याच घरात घामेजून बसते.

लोक ऐकत नाहीत.
आमच्या इथं पोरगं चालायले लागते
तेव्हापासून दुपारी खिडक्या लावाले शिकते.

जागनाथ बुधवारीत, दौलतभाऊ परात्याकडं,
मागच्या खिडकीले खिळे ठोकलेले.
फटीत कोंबलेला पेपर पिवळा झालेला,
त्याच्यात कोण्यातरी निवडणुकीची मोजणी
अजून चालूच होती.
"ते नाही उघडत."
"अडली काय?"
"तिकडं हेमराज राहते."

हेमराज म्हणजे सख्खा.
मधात एक भिंत, चौदा वर्षं.

मी कशाले बोलू. ताट्यात वाळा भरला,
पंप लावला, पैसे घेतले, निघालो.

आठ दिवसांनी फोन: तुह्या कूलर खराब आहे.
जाऊन पाह्यलं. मोटर बरोबर, पाणी बरोबर.
डब्यातले पापड मऊ, दार फुगलेलं,
वहिनी काडी ओढे, काडी पेटेना.
"एक्झॉस्ट लाव," दौलतभाऊ म्हणाले.
"लावतो. पण तो फेकणार कुठं? तिकडंच."

ते पंख्याकडं पाहत राहिले.
वहिनी उठल्या. माह्या पेटीतून
न विचारता जंबूर घेतला.
पहिला खिळा वाकला.
बाकीचे सरळ निघाले.

परवा एक अनोळखी नंबर.
"दौलतकडं कूलर तूच लावला नं?"
"हो जी."
"त्याची हवा माह्या आंगणात येऊन राह्यली.
वाळ्याचा वास येते. दिवसभर."
"हो जी."
"बंद करता येते का?"
म्हटलं, हवेले कसं सांगणार जी.
पलीकडं कोणीतरी भांडं खाली ठेवलं.
"किती दिवस राहते हा वास?"
"वाळा नवा आहे. राहीन पंधरा दिवस."
"पंधरा," ते म्हणाले.
मग थोडं थांबून, "बरं."

फोन ठेवला त्यांनी.
मी शिडीवरच होतो, डायरी वरच्या खिशात.
लिहून ठेवलं: पराते, बुधवारी,
वाळा बदलणे,
चौदाव्या दिवशी.