शिग्रामात सांगितलेलं नाव

चाळीसगावाहून धुळ्याचा शिग्राम
पहाटे सुटायचा. चार माणसं आत,
एक गाडीवानाजवळ,
आणि डाकेची थैली सगळ्यांच्या पायांत.
भाडं मामाने भरलेलं. जोडाही मामाचाच,
पुणेरी, दोन बोटं मोठा,
म्हणून चवड्याकडे कापूस कोंबलेला.
कापसाला त्या साली सोन्याचा भाव होता.
आई म्हणाली, जोड्यात एवढा?
वातीपुरता तरी काढून ठेव.

समोरच्या वकिलांनी नाव विचारलं.
मी म्हणालो, धुंडिराज.
मेहुणबारं अजून यायचं होतं.
घोडे धावत होते तसेच धावत राहिले.

गिरणेच्या वाळूत चाकं रुतली, सगळे उतरले.
मी नाही उतरलो.
मला वाटलं, सभ्य माणसं अशा वेळी
बसून राहत असतील.
वकील धोतर खोचून चाकाला खांदा देत होते
आणि आत मी,
डाकेच्या थैलीसारखा.

शिरूडला घोडे बदलायचे.
माझ्या फडक्यात कळण्याची भाकर, लसणाचा ठेचा.
"पोटले खायजो, लाजू नको," आई म्हणाली होती.
पण वास काही फडक्यात मावेना.
मागच्या बाजूने हळूच ती चवड
निंबाखाली सोडून दिली.
एक कुत्रं आलं, त्याने लाज धरली नाही.
तेवढ्यात वकिलांनी डबा उघडला:
कळण्याची भाकर. ठेचा. वर कच्चं तेल.
"घ्या, धुंडिराज."
"आम्ही असलं खात नाही."
पुढे पांझरा दिसेपर्यंत
पोट गुरगुरत होतं; चाकांच्या खडखडाटाने
अब्रू राखली.

धुळ्याचं थोडक्यात सांगतो.
साहेबाच्या बंगल्यावर जरीचा फेटा दिसला,
तीनदा वाकून मुजरा केला.
तो खानसामा निघाला. त्यानेही उलट मुजरा केला,
माणूस भला.
वकिलांच्या बैठकीत कोणी तळहातावर
अत्तराचा फाया ठेवला.
मी तो तोंडात टाकला.
कोणी हसलं नाही,
तेच जड गेलं.
दोन दिवस माझ्या पाण्यालाही हिन्याचा वास.
आणि त्याच रात्री निघताना अंधारात
पायाला नेमका बसणारा जोडा घालून आलो.
गल्लीच्या तोंडाशी उमगलं,
इतका नेमका, म्हणजे माझा नव्हे.

सकाळी तो काखेत धरून कचेरीत उभा.
भिकाजीपंत शिरस्तेदारांच्या पायांत मामाचा जोडा,
आणि आतला कापूस
दौतीशेजारी, नीट पिंजून ठेवलेला.
"नाव?"
"धुंडि..."
त्यांनी मामाचं पत्र माझ्याकडे फिरवलं.
मोडीत, ठसठशीत: धुडकू.
धुडकावलेलं, उकिरड्यावर ठेवलेलं,
सुईणीकडून पावशेर कोंड्याला
परत विकत घेतलेलं पोर.

"आईचा कितवा?"
"सहावा. आधीचे राहिले नाहीत."
पंतांचा बोरू तसाच थांबला,
टोकावरची शाई वाळली.
"मी चौथा," ते म्हणाले.
"आमच्या आईने माझ्यासाठी पाच घरी पदर पसरला.
ते नाव मी कधी बदललं नाही.
मनात मात्र आलं होतं, तुमच्याच वयात."

मग बोरू पुन्हा बुडवून
उमेदवारांच्या यादीत धुडकू लिहिलं,
वर वाळू टाकली,
झटकली.
"जोडा ठेवा खाली," ते म्हणाले,
"आणि तुमचा कापूस घेऊन जा.
महाग आहे."