डबकं

अकरा दिवस मी एका डबक्यावर घालवले.
खडीच्या रस्त्यात, डाव्या चाकोरीत,
हात-दीड हात रुंद.
त्यात ढग उतरवले, बर्चची पिवळी पानं,
एक पान अर्धं बुडालेलं, अर्धं वर,
कडेला चिखलाची साय.
वेसा मागे येऊन उभा राहिला, म्हणाला,
हेच जाईल खोक्यावर.
चित्र विकता येतं, आइला,
हाताला काय वाटतं ते कसं विकणार?

ऑक्टोबरात इल्पो आला,
यामसाच्या पलीकडून, बसने.
काखेत थर्मास, खिशात रबराने बांधलेली वही.
बावीस वर्षं तो रॅलीत बसला होता
ड्रायव्हरच्या शेजारी, मान खाली घालून.
मी विचारलं, रस्ता असाच दिसायचा ना?
म्हणाला, मला काय विचारतेस?
मी तो कधी पाहिलाच नाही.
मी वाचत होतो.

हलत्या पाटावर दोन खुर्च्या.
ओत्सोने स्टिअरिंग धरलं,
इल्पोने पट्टा आवळला, वही मांडीवर घेतली:

डावं पाच, माथ्यावरून.
साठ.
उजवं तीन, कापू नको, आत दगड.
चाळीस, उडी,

आणि थांबला.
झाली उडी?
झाली की, ओत्सो म्हणाला.
मला नाही कळली.

मग माझं डबकं आलं.
गाडी त्यावरून गेली
चादरीवरून इस्त्री जावी तशी.
थेंब उडाले, काचेवर बसले,
एकेका थेंबात एकेक जंगल, उलटं.
पण पाण्याने चाक धरलं नाही.
आणि पानापानाचा हिशेब करता करता
यंत्राला एवढी धाप लागलेली
की हात आधी वळायचा, गाडी मागाहून,
मध्ये कुणी निरोप्या असावा तशी.

कोपऱ्यात सान्नी राईची पाव खात बसली होती.
गाडीचं वजन, टायरची पकड, सगळं गणित तिचं.
दिवसभर ती बोलली नव्हती.
आता बोट पुसत म्हणाली, जुनं लावू का?

जुनं म्हणजे करडं.
झाड नाही, आभाळ नाही,
रस्ता म्हणजे मासे धरायचं ताणलेलं जाळं.
माझं डबकं त्यात नुसता एक आकडा होतं:
खोली, नऊ सेंटिमीटर.

डावं पाच, माथ्यावरून.
साठ.
इल्पोचा आवाज चढला, शब्द आखूड झाले,
उजवा पाय जमिनीत रुतायला लागला.
तिथे ब्रेक नव्हता.
शेजारच्या सीटला कधीच नसतो.
बावीस वर्षं हा माणूस
नसलेला ब्रेक दाबत आला होता.
नऊ सेंटिमीटरवर ओत्सोची मनगटं पिळवटली,
त्याने एक सणसणीत शिवी हासडली,
आणि इल्पोने अंगठा जिभेला लावून पान उलटलं.
हं, म्हणाला. हा तो.

मला राग आला, खोटं कशाला बोलू.
अकरा दिवस.
ढग मी पुढच्या आठवड्यात काढले, स्वतःच्या हाताने,
पाण्याला त्याची खोली दिली.
ते पान मात्र ठेवलं, सान्नीशी भांडून.
कुणीतरी असेल, शर्यत हरलेला,
गाडी कडेला घेऊन ते बघेल.
नाही बघितलं तर नाही.

पण हे नंतरचं.
त्या संध्याकाळी थर्मासमधली कॉफी वाटून झाली,
वेसा बसच्या वेळा शोधत होता,
आणि कुणीतरी पडदा परत रंगीत करून ठेवलेला.
गाडी रस्त्यात उभी, इंजिन चालू,
ऊन तिरपं, खोडं पांढरी,
मागे तळ्याची एक चीर.
कोट घालता घालता इल्पोने मान वर केली.
एक हात बाहीत, एक बाहेर,
तसाच राहिला.

एवढी झाडं होती इथे?
त्याने विचारलं.