कडता

बत्तीस रकाने होते त्या टूलमध्ये.
मी टिक केली सातच.
गेम, हवामान, बातम्यांची पट्टी,
ती बोलणारी बाई, जिला उदगिरात कुणी काही विचारत नाही,
आणि आणखी तीन किरकोळ.
शेवटी पाटी आली : तुमची इमेज तयार आहे.
दोन जीबी रॅमची म्हातारी मशीनं
त्या इमेजवर देवणी गोऱ्ह्यासारखी उधळायची.

अडीच वर्षं खिशात तोच पेनड्राइव्ह.
दोन शाळा, डॉक्टर बिरादारांचा दवाखाना,
मोंढ्यातले नऊ गाळे,
मेव्हण्याचा फोटो स्टुडिओ.
लोक म्हणायचे, ह्याच्या हाताला गुण आहे.

मग अकीलचाचा आले, लग्नपत्रिका छापणारे,
सीपीयू सायकलच्या कॅरिअरला ट्यूबनं बांधून.
"बेटा, उर्दू लिहिलं की चौकटी येतात.
दुल्हा चौकट, दुल्हन चौकट,
तारीख तेवढी शाबूत."
मी म्हणालो, व्हायरस असेल.
(लाइट गेली की महावितरण,
बाकी सगळ्याला व्हायरस.)

तिसऱ्या दिवशी बसलिंगप्पांचा मुनीम.
बिदरहून आलेलं कन्नड पत्र,
पानभर रिकाम्या चौकटी,
अक्षरांची घरं उचलून नेऊन
जोती तेवढी ठेवावीत तशा.

त्या रात्री शटर आतून ओढलं.
डावीकडं मूळ इमेज, उजवीकडं माझी.
एकेक फाइल जुळवत गेलो.
उर्दू नाही.
कन्नड नाही.
मराठी वाचली, ती मी नंतर हातानं घातली म्हणून.
अपडेट बंद.
पहारा बंद, आणि पहारा चालू असल्याचं
हिरवं चिन्ह मात्र जागेवर.
घड्याळ कुठल्या तरी परक्या दारात
वेळ विचारायला जात होतं.
आणि एक खातं, बिननावाचं, बिनपासवर्डचं,
रात्री पावणेतीनला उठून
कुठं तरी जाऊन येणारं.
ह्यातल्या एकावरही माझी टिक नव्हती.

मोंढ्यात सोयाबीन घातलं
तर पट्टीवर लिहून मिळतं :
हमाली एवढी, तोलाई एवढी, कडता एवढा.
माल घालणारा आई-माई काढतो,
पण काय गेलं ते कागदावर असतं.
भांडायला जागा असते.

माझा बाप मापाडी. म्हणायचा,
काट्याला बोट लावणारा सापडतो लेका,
त्याचं बोट दिसतं.
काटाच तसा घडवून आणला
तर कुणाचा हात धरशील?

टूल बनवणाऱ्याला मी तासभर शिव्या घातल्या.
कोण कुठला, नाव नाही, गाव नाही.
मग सहज हाताशी आलं माझंच बिलबुक.
दोनशे चौदा पावत्या.
प्रत्येकीवर एकच ओळ, माझ्याच अक्षरात :
सिस्टीम टाकली, रु. ३००.

त्या सात टिका तरी
मी कुणाला सांगितल्या होत्या?

सकाळी चाचांच्या छापखान्यात
मूळ इमेज टाकली.
मशीन पुन्हा कण्हायला लागलं.
पडद्यावर उजवीकडून डावीकडं
एक नाव उमटत आलं, शाइस्ता बेगम.
चाचा चष्मा वर करून बघत राहिले.
मग म्हणाले, "मगर स्लो हो गया ना रे."
हो म्हणालो.
पावती पालथी करून लिहायला घेतलं,
काय काय गेलं होतं, काय मी काढलं,
काय माझ्या हातानं दुसऱ्यानं काढलं.
जागा पुरली नाही.
दुसरी पावती टाचली.
चाचांनी ती न वाचताच
पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सरकवली
आणि चहा सांगितला.

दोनशे तेरा राहिलेत.
बिरादारांकडं उद्या जाईन म्हणतो,
हे चार दिवस झाले म्हणतोय.
रात्री जाग येते.
घड्याळ बघायची गरज पडत नाही.