बद्द

कफुएच्या घळीत, सांडव्याची दारं मिटल्यावर
चिपेगो दोराला लोंबकळते
आणि हातोडीनं विचारत जाते काँक्रीटला,
एकेक हात.

खण्. खण्.
बाजारात आई मडकं वाजवून घ्यायची, तसं.

पाणी फोडत नाही रे, ती मुन्साकाला सांगते,
भेग तेवढी शोधतं.
आत शिरतं, मग खालून उचलतं
उकळत्या भांड्यावरचं झाकण उचलावं तसं.
म्हणून हे गज, खडकात खोलवर.
आणि उतारावरची ही खाच हवेसाठी :
हवा प्यालेलं पाणी चावत नाही.

खण्.

बद्द.

ती थांबते. खडूनं गोल काढते.
वर अख्खं सरोवर
भिंतीला टेकून उभं.

केवढं आहे? तो विचारतो.
तळहाताएवढं, ती म्हणते
आणि तळहात
तिथंच ठेवून राहते जरा वेळ.