महिन्याला एक पान

माझ्या छतावर तपकिरी डाग उमटला,
आधी बशीएवढा, मग ताटाएवढा,
म्हणून तणतणत मी चौथ्या मजल्यावर गेले.
दार उघडलं पान ल्युत्स्यान यांनी.
इकडे गृहस्थांना ‘पान’ म्हणतात,
आडनाव ठाऊक नसलं तरी चालतं.
हातात बादली, बाही कोपरापर्यंत ओली,
आणि चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.
‘रविवारचं पाणी,’ म्हणाले, ‘सांडलं थोडं.
बसा. चहा?’

खिडकीपासून लांब, पुस्तकांच्या जागी
साठ लिटरची काचेची पेटी.
सात मासे, करंगळीच्या पेराएवढे,
एक गोगलगाय,
आणि काळ्या लाकडावर
गडद, जाड, चामड्यासारखी पानं.
‘प्लास्टिकची आहेत?’ मी विचारलं.
ते असे हसले, की कुणीतरी हेच विचारावं
म्हणून वर्षभर थांबले असावेत.

शहराचं नाव वूच. म्हणजे होडी.
नद्या मात्र कधीच रस्त्यांखाली गाडल्या गेल्या,
कारखान्यांचं पाणी वाहता वाहता.
ते चाळीस वर्षं सूतगिरणीत.
मिनिटाला किती फेरे, किती धागे तुटले,
सगळं फळ्यावर, खडूनं.
गिरणीला कुलूप लागलं तेव्हा
रिळांचा एक खोका तेवढा घरी आला.
त्याच सुतानं ही झाडं लाकडाला बांधलेली.
‘खोड वाळूत पुरायचं नाही, कुजतं.
नुसतं टेकवायचं.
धरायचं की नाही, ते त्याचं ते ठरवतं.
महिन्याला एक पान.
कधी तेही नाही.’
डागाचं बोलायचं राहूनच गेलं.

नोव्हेंबरात त्यांना हृदयाच्या वॉर्डात नेलं.
किल्ली माझ्याकडे, आणि वीजबिलाच्या पाकिटामागे सूचना:
दिवा सहा तास. चिमूटभर दाणे, एक दिवसाआड.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा:
बाकी काही करू नका.

मी केलं.
कोपऱ्यातलं तपकिरी झुडूप मला एकटं वाटलं,
उपटून मधोमध लावलं.
बाहेर साडेतीनलाच अंधार पडायचा,
माशांची कीव आली,
दिवा झोपेपर्यंत जळत ठेवला.
दहा दिवसांत जाड पानांवर शेवाळाची काळी लव,
आणि झुडूप तर विरघळूनच गेलं,
खिशात धुतल्या गेलेल्या तिकिटासारखं.

फोनवर कबुली दिली.
पलीकडे कुणाचा तरी खोकला, ढकलगाडीची चाकं.
‘फेकलं नाहीत ना?
त्याला जागा बदललेली खपत नाही.
रुसतं, अंगावरचं सगळं टाकून देतं.
मुळं असतील. सारखं बघू नका तिकडे.’

दिवा कमी केला. बघितलं नाही.
म्हणजे बघितलं, पण तिरक्या नजरेनं,
दाणे टाकता टाकता, कोट न काढता.
मग एकदा त्यांच्या खुर्चीत बसले
आणि सातची ट्राम चुकली.
मग दुसऱ्यांदाही चुकली.

डिसेंबरात सूत सुटलेलं दिसलं,
कुजून, तळाशी राखेच्या रंगाचं.
आता गेलं सगळं, म्हणून घाबरून
झाड बोटानं हळूच ओढून पाहिलं.
हललं नाही.
मुळं लाकडाच्या भेगांत शिरून बसलेली,
आणि खोडाच्या टोकाला काहीतरी
गुंडाळलेलं, पोपटी, जवळजवळ आरपार दिसणारं.

वॉर्डात फोन लावला.
नर्सनं रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला.
‘पान ल्युत्स्यान,’ मी म्हणाले,
‘पान आलं.’
बराच वेळ नुसता श्वास.
मग:
‘कोणत्या बाजूला?’