समास

शारजाच्या सनय्यात, दहा नंबरच्या गल्लीत,
टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस.
पांगारकरशेठच्या कार्गोची वेबसाइट माझ्याकडे होती.

शेठना सगळं हवं होतं.
सरकती जहाजं, सोनेरी सूर्यास्त, खजुराचं झाड,
एक विमान (त्यांच्याकडे विमान नाही),
थोरल्या नदीमचा कोटातला फोटो,
आणि कपाळावर पळती लाल अक्षरं.
"जागा रिकामीच आहे ना," ते म्हणायचे,
"तिला काय भाडं पडतंय?"

मी शहाणी. सगळं काढून टाकलं.
पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक टाइप,
उंची अत्तराच्या बाटलीवर असतो तसा.
बटणं इतकी लाजरी
की हात लावायला संकोच वाटावा.
एसीत, मोठ्या पडद्यावर,
पान इस्त्रीच्या कंदुऱ्यासारखं दिसत होतं.
दोन रात्री मी नुसती बघत बसले.

ऑगस्ट. दुपारची सक्तीची सुट्टी.
जिन्याखाली लच्छय्या उभा,
निजामाबादचा, शटरिंगवाला.
पेटी कुठवर पोचली, विचारत होता.
पेटीत टँग, टायगर बाम, एक ब्लँकेट
आणि लेकीचं चाकं असलेलं दप्तर.
म्हटलं, फोनवर बघ की.

त्यानं अंगठा लावला. फोन उघडेना.
सिमेंटनं अंगठ्याच्या रेघा खाल्लेल्या.
आकडे दाबले. तडकलेली काच उन्हात धरली.

माझं पान तिथं नव्हतंच.
होतं फक्त ऊन,
आणि उन्हात त्याचाच घामेजलेला चेहरा.
त्यानं फोन तिरका केला,
दुसऱ्या हाताचा आडोसा धरला,
मग माझ्याकडे बघून ओशाळून म्हणाला,
"मॅडम, फोन खराब है मेरा."

त्या दिवशी जेवण गेलं नाही.
खिडकीतून ताहिर खलफे दिसत होता,
समोरच्या गॅरेजची पाटी रंगवताना.
एक अक्षर काढायचा, शिडी उतरायचा,
ट्रकमधून वाट काढत पलीकडे जायचा,
डोळे बारीक करून बघायचा,
परत यायचा. पुन्हा एक अक्षर.
अख्खी दुपार मी त्याला
रस्ता ओलांडताना पाहिलं.

मग सगळ्यात स्वस्त फोन घेऊन
मीही जिन्याच्या पायरीवर बसले.
काळा घेतला, काजळाइतका काळा.
लच्छय्याचा अंगठा कागदावर टेकवून
पेन्सिलीनं भोवती रेघ मारली:
बटणाचं माप तेवढं.
वर एकच प्रश्न ठेवला, चार भाषांत:
माझी पेटी कुठं आहे?

अरबीत पान उजवीकडून चालतं.
मी बाण फिरवले, रेघ फिरवली,
जहाज फिरवायचं राहिलं.
ताहिर रंगाचे हात पुसत हसला:
"बाई, मुंद्र्याला निघालेली बोट
पाठमोरी का चालतेय?"

शेठनी पडदा खालपासून वरपर्यंत पाहिला.
"आणि हे एवढं कोरं?"
मला काहीतरी मोठं बोलायचं होतं,
पुस्तकातलं, श्वास वगैरे.
तोंडून निघालं, "समास आहे, शेठ."

ते गप्प झाले.
म्हसळ्याच्या शाळेतली चौथी आठवली असावी.
"समासात लिहिलं की
गुरुजी छडी मारायचे," एवढंच म्हणाले,
आणि हात नकळत चोळला.
जाताना दारातून वळून:
"नदीमचा फोटो मात्र ठेव. तळाशी. लहान."
ठेवला. आहे अजून.

पुढच्या आठवड्यात लच्छय्या आला.
भर उन्हात उभा राहून
त्यानं एकदा दाबलं, एकदा वाचलं,
फोन खिशात टाकला.
पानाबद्दल अवाक्षर नाही.
"उतर गया मुंद्रा में," म्हणाला,
आणि हेल्मेट उचलून
गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या बसकडे पळाला.