हातचा

शापेकोच्या कोंबडी कारखान्यात
आमची ओळ छातीची.
पक्षी उलटे टांगलेले येतात,
आपण फक्त छाती सोडवायची,
हाडाला मांस न ठेवता.
हॉलमध्ये बाराही महिने दहा अंश.
तासाभराने बोटं कुठे संपली
आणि सुरी कुठे सुरू झाली, कळत नाही.

तिथेच ठरली भिशी.
बारा जणी, महिन्याला चारशे रेआल,
दर तीन महिन्यांनी एक चिठ्ठी,
जिचं नाव निघेल तिचं ऑपरेशन.
वही माझ्याकडे,
कारण माझी बेरीज चुकत नाही.

दवाखान्याचा कागद मी वहीत चिकटवला:
डॉक्टर सहा हजार, भूल देणारा अठराशे,
एका रात्रीची खाट चोवीसशे (आमचं घरभाडं एवढं नाही),
सिलिकॉनची जोडी तेहतीसशे,
तपासण्या, दोन घट्ट काचोळ्या.
एकूण चौदा हजार चारशे.
खाली मी दोन रेघा मारल्या.

पहिली चिठ्ठी नोएलीची.
तीन पोरांना पाजून झालेली नोएली
कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करायची,
आता करत नाही. ती सुखी आहे, हे आधी लिहून ठेवते.
पण एकवीस दिवस हात खांद्यावर जाईना,
धाकटा खालून हात वर करून रडायचा
आणि ती गुडघ्यावर बसून त्याला म्हणायची, तूच चढ.
एकवीस दिवसांचा पगार कापला गेला.
हा पहिला हातचा, मी धरायला विसरलेला.

डेल्सीच्या नवऱ्याने सहा हप्ते भरले होते.
भांडणात म्हणाला, त्यातली एक माझी आहे.

जुसाराने ऐन वेळी दवाखाना सोडला, पैशांत छप्पर घातलं.
आम्ही चिडवलं. ती म्हणाली,
माझं निदान पावसात उपयोगी पडतं.

सालेतेचं डावं दुसऱ्या वर्षी घट्ट होत गेलं,
करवंटीसारखं. पालथं झोपता येईना.
काढायचे, नवं घालायचे, नऊ हजार.
जेवणाच्या सुट्टीत इवानीर म्हणाली,
भिशी घालण्यासाठी आहे, दुरुस्तीसाठी नाही.
कुणी काहीच बोललं नाही. मी वही मिटली.
सालेतेने मोटरसायकल विकली,
आता पहाटे चारला चालत येते.
तिच्या बुटांचा आवाज मला लांबून ओळखू येतो.

माझी चिठ्ठी शेवटची. तोवर मला सगळं माहीत होतं,
करवंटी, पगार, दहा-बारा वर्षांनी
पुन्हा उघडावं लागेल कदाचित, हेही.
मग का, असं मुलीने विचारलं.
काय सांगणार?
अकरा वर्षं मी छात्या वजन करून
परदेशी धाडल्या, प्रत्येकीला ग्रॅमचं लेबल लावून.
एकदा वाटलं,
कुणीतरी आपल्यासाठीही काटा लावावा.

डॉक्टरने नमुन्याची पिशवी तळहातावर ठेवली.
मी म्हटलं, दोनशे ऐंशी.
त्याने उलटून मागचा आकडा बघितला,
मग माझ्याकडे बघितलं,
पहिल्यांदाच, तोंडाकडे.

झालं. बरं झालं. टाके सुकले,
रविवारी निळा ब्लाउज घालते,
त्याची बटणं मी स्वतः सरकवून लावली.
नोएली म्हणते, शोभतं.
शोभतं.

फक्त एक गोष्ट त्या कागदावर नव्हती,
आणि अकरा जणींपैकी एकीनेही सांगितली नाही,
लाजेने असेल, किंवा
प्रत्येकीला वाटलं असेल, आपल्यालाच होतंय.
पाळी संपवून घरी येते,
चुलीत लाकूड सारते, गरम माटे ओढते.
आधी बोटं परत येतात, मग नाक,
मग गुडघे, पाठ.
पण ह्या दोघी गार.
हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या.
तासभर तरी त्या तिकडेच असतात,
दहा अंशांत,
बिनपगारी जादा पाळी करत.